निळं फडकं

रविवार, १३ जुलै २०२५

परवा ठाण्याहून येताना बस घाटकोपरला रमाबाई नगरापाशी रांगत होती. बाहेर निळे झेंडे, पांढऱ्या साड्यांतल्या बायका. शेजारची बाई म्हणाली, "आज अकरा जुलै ना." मी मान हलवली आणि परत मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्याचीच चुटपुट असणार, आज दुपारी आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' लावून बसले. तीन तासांहून मोठा माहितीपट. मध्ये दोनदा चहा झाला, कपडे वाळत घालून झाले, बंद मात्र करवेना.

बाबाही येऊन बसले. रमाबाई नगरातल्या गोळीबाराचा भाग आला तसे म्हणाले, "१९९७ ना? हायवे बंद होता त्या दिवशी. भांडुपपासून विक्रोळीपर्यंत चालत गेलो मी. टँकर पेटवणार होते म्हणे, म्हणून गोळ्या घातल्या."

बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली सकाळी दिसली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १० माणसं गेली. आमच्या घरात त्यातलं उरलं काय, तर बाबांची पायपीट आणि टँकर. पडद्यावर त्या टँकरच्या गोष्टीचा एकेक टाका उसवत गेला. बाबा एवढंच म्हणाले, "पेपरात तर तसंच आलं होतं."

मी अडकले ती शाहीर विलास घोगरेंपाशी. त्यांच्या जाण्यापासून हा माहितीपट सुरू होतो, त्यामुळे ते दिसतात ते जुन्या चित्रणात, पटवर्धनांच्याच मुंबईच्या झोपड्यांवरच्या 'हमारा शहर' या माहितीपटातल्या, १९८५ सालच्या. आवाज घोटून गुळगुळीत केलेला नाही. गल्लीच्या टोकाला असलेल्या माणसाला हाक मारावी तसा सूर. गोळीबारानंतर काही दिवसांतच या माणसाने मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. उभं आयुष्य डाव्या चळवळीत गाऊन काढलेलं, पण जाताना कपाळाला बांधलं ते निळं फडकं. लाल नाही.

हे मला अजून पचलेलं नाही. 'जय भीम' आणि 'कॉम्रेड' हे शब्द नावात शेजारी लिहिणं सोपं आहे. या माणसाने ते दोन्ही एका गळ्यातून गायले आणि शेवटी त्याला एक रंग निवडावा लागला.

पटवर्धन पुढे १४ वर्षं चित्रण करत राहिले. वस्त्यावस्त्यांतून गाणी येत राहतात. सत्यशोधक जलसा, आंबेडकरी जलसा, म्हणजे गाण्यानाट्यांतून प्रबोधन करणारे कार्यक्रम, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलेलं. भीमगीतं ऐकली ती १४ एप्रिलच्या कर्ण्यावरून, आणि खरं लिहायचं तर एकदा खिडकी लावूनही घेतली आहे. इथे त्याच चाली बायका हसत, एकमेकींचे शब्द सावरत गातात. मग पुण्याच्या कबीर कला मंच या गाणी-नाटकं करणाऱ्या गटाची शीतल साठे येते. काय खणखणीत आवाज! पोलिसांनी नक्षलवादी ठरवल्यावर ही माणसं पुढे भूमिगत झाली. २ एप्रिल २०१३ला शीतल विधानभवनासमोर पोलिसांच्या हवाली झाली तेव्हा गरोदर होती. एवढी भीती कसली, गाण्याची?

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "तो शाहीर मुलुंडला कुठे राहायचा गं?"

मला नेमकं सांगता आलं नाही.

"तेव्हा आपणही मुलुंडलाच होतो," म्हणाले, आणि भाकरी मोडायची थांबले.