वुर्स्टमार्क्टच्या बाकांवर: फाल्त्समध्ये वाइनची ओळख करून घेताना

जर्मनीतल्या बाड ड्युर्कहाइम गावच्या वुर्स्टमार्क्ट या वाइन महोत्सवाला जायचं असेल तर सोमवारी दुपारी जा. शनिवारी रात्री तिथे पाय ठेवायला जागा नसते. लोक बाकांवर उभे राहून गात असतात, आणि त्यातही आनंद आहेच. पण वाइन समजून घ्यायची असेल तर शेजारी बसलेल्या माणसाशी दोन शब्द बोलता यायला हवेत. सोमवारी दुपारी ते जमतं. गावातली आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं त्या दिवशी येतात, सावकाश बसतात आणि आपण विचारलं तर मनापासून सांगतात.

फाल्त्स हा जर्मनीच्या नैर्ऋत्येचा भाग. पूर्वेला ऱ्हाइनचं सपाट खोरं, पश्चिमेला हार्टचे जंगलाने भरलेले डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याला लांबच लांब द्राक्षबागा. पश्चिमेकडून येणारे पावसाळी ढग हार्टवर अडतात, म्हणून इकडे ऊन जास्त आणि पाऊस कमी. अंजीर, बदाम आणि गोड चेस्टनटची झाडं इथे अंगणात वाढतात. या बागांमधून जाणारा ८५ किलोमीटरचा वाइन मार्ग १९३५ साली सुरू झाला. बाड ड्युर्कहाइम त्याच मार्गावर आहे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवार-रविवारी, मागचेपुढचे दिवस धरून, इथे हा उत्सव भरतो. नावात सॉसेजचा बाजार असला तरी जगातला सर्वांत मोठा वाइन महोत्सव म्हणून तो ओळखला जातो, आणि छोट्याशा गावात सहा लाखांहून जास्त लोक येऊन जातात. त्याची सुरुवात पंधराव्या शतकातली. मिखाएल्सबर्ग टेकडीवरच्या चॅपलला यात्रेकरू जायचे, त्यांच्यासाठी शेतकरी हातगाडीवरून वाइन, ब्रेड आणि सॉसेज वर न्यायचे. त्या हातगाड्यांचं नाव आजच्या ठेल्यांना चिकटलेलं आहे: शुबकार्ख. असे ३६ ठेले आहेत आणि उत्सवाचा जीव तिथेच आहे. पाळणे, मोठे तंबू, बँड हे सगळं बाजूला आहे. मुलं बरोबर असतील तर तिकडेही वेळ छान जातो.

शुबकार्खमध्ये अरुंद लांब टेबलं आणि पाठ नसलेले बाक असतात. जागा रिकामी दिसली की विचारायचं आणि बसायचं. वेगळं टेबल मिळेल अशी अपेक्षाच ठेवू नका, कारण अनोळखी लोकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसणं हाच इथला रिवाज आहे. वाइन येते ती अर्ध्या लिटरच्या जाड काचेच्या ग्लासात. वर रुंद, खाली निमुळता, आणि बाहेरून बोटं रुतावीत असे गोल खळगे. त्याला डुबेग्लास म्हणतात. एवढा मोठा ग्लास एकट्यासाठी नसतोच. तो टेबलावर फिरतो. ज्याने आणला तो एक घोट घेतो आणि पुढे देतो, आणि थोड्या वेळाने समोरच्यांचा ग्लास तुमच्यापर्यंत येतो. नको असेल तर हसून मान हलवा, कुणालाही वाईट वाटत नाही. घेतलात तर एक घोट घेऊन ग्लास परत करायचा, धरून बसायचं नाही. पुढचा ग्लास आपण आणायचा.

मला या उत्सवाचं सगळ्यात जास्त मोल वाटतं ते इथे. घरी बाटली उघडली की आपण आपल्याच आवडीत फिरत राहतो. इथे एका दुपारी आपण स्वतः कधीच मागवल्या नसत्या अशा वाइन ओठांपर्यंत येतात, आणि त्या का आवडतात हे सांगणारा माणूसही समोरच बसलेला असतो.

आमच्या समोर एक आजी-आजोबा होते. तरुणपणी दोघंही द्राक्षतोडणीला जायचे. आम्ही ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, रिस्लिंग द्राक्षाची पांढरी वाइन पीत होतो; आजोबांनी एक घोट घेतला, छान आहे म्हणाले, आणि पलीकडच्या ठेल्यावरून शॉयरेबे आणायला सांगितलं. शॉयरेबेचं नाव मी वाचलं होतं, चव माहीत नव्हती. ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा वास, मागून काळ्या करंटचा, आणि जिभेवर गोडीचा भास, जरी वाइन ड्रायच होती. ही द्राक्षाची जात १९१६ साली आल्त्साय गावात गेओर्ग शॉय यांनी तयार केली. तिच्या आईबापांपैकी एक रिस्लिंग, म्हणून आंबटपणाचा कणा तिच्यात आहे. आजी म्हणाल्या, रिस्लिंगला थांबता येतं, शॉयरेबे लगेच बोलते. चवीचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. तिथून पुढे प्रत्येक टेबलावर मी एकच प्रश्न विचारत गेलो: यानंतर आम्ही काय प्यावं? तुम्हीही हाच विचारा. ‘सगळ्यात चांगली कुठली’ असं विचारलं की लोक नाव सांगून मोकळे होतात. ‘यानंतर काय’ म्हटलं की तुमच्या ग्लासात काय आहे ते पाहून विचार करतात.

आता सावध करणारी एक गोष्ट. फाल्त्सची शोर्ले, म्हणजे सोडावॉटर घातलेली वाइन, ऐकायला हलकी वाटते. इतर ठिकाणी ती निम्मी-निम्मी असते, इथे मात्र वाइनच जास्त. अर्ध्या लिटरमध्ये तीन भाग वाइन आणि एक भाग पाणी धरलं तर ३७५ मिलिलिटर वाइन झाली, म्हणजे बरोबर अर्धी बाटली. एकट्याने असे दोन ग्लास संपवले तर पूर्ण बाटली पोटात गेली, आणि गार, बुडबुड्यांच्या पेयात ते कळत नाही. म्हणून ग्लास फिरवत ठेवा, दर फेरीला साधं पाणी घ्या, आणि बसायच्या आधी खाऊन घ्या.

खाण्यात सॉसेज आणि झाउमागन हे इथले मानाचे पदार्थ. झाउमागन म्हणजे डुकराच्या जठराच्या पिशवीत मांस, बटाटा आणि मसाले भरून शिजवून कापलेले काप. मांस न खाणाऱ्यांनी पांढरं चीज आणि उकडलेले बटाटे मागावेत. हे चीज मऊ, दह्याच्या चक्क्यासारखं, हर्ब घातलेलं असतं आणि ड्राय रिस्लिंगबरोबर फार सुंदर लागतं. डाम्फनुडल नावाचा वाफवलेला, तळाला खारट खरपूस पापुद्रा असलेला पावही मिळाला तर सोडू नका. तो वाइनच्या गोड सॉसबरोबर देतात. बटाट्याच्या सूपबरोबर घेणार असाल तर सुपात मांसाचं पाणी आहे का ते विचारा.

ग्लाससाठी अनामत रक्कम घेतात, ग्लास परत केला की पैसे परत. रोख युरो जवळ ठेवा, सुटे असले तर आणखी बरं.

डुबेग्लासात वास घेणं कठीण असतं, हेही सांगायला हवं. काठोकाठ भरलेल्या जाड ग्लासात वासाला साठायला जागाच नसते. बारकावे कळून घ्यायचे असतील तर मैदानातल्या ‘वाइनडॉर्फ’ भागात जा. तिथे दांड्याच्या लहान ग्लासात थोडी थोडी वाइन मिळते, वरच्या दर्जाच्याही मिळतात. आम्ही दुपार बाकांवर आणि संध्याकाळ तिथे अशी वाटणी केली. उलट क्रम करू नका. आधी निवांत हुंगत-चाखत बसलेला माणूस नंतर बाकांवरच्या गोंगाटात रमत नाही.

मैदानाला लागूनच १९३४ साली बांधलेलं अवाढव्य लाकडी पिंप आहे, १७ लाख लिटर मावतील एवढं. त्यात वाइन कधीच भरली नाही, आत रेस्टॉरंट आहे. फोटो काढा आणि पुढे चला. गावातली मिठाच्या पाण्याची भिंत मात्र सकाळी जरूर पाहा: तीनशे मीटरहून लांब लाकडी सांगाडा, त्यात काटेरी फांद्या रचलेल्या, आणि त्यांवरून खारं पाणी ठिबकत असतं. तिथली खारट हवा आदल्या दिवसाच्या थकव्यावर उत्तम.

महोत्सवानंतरचा दिवस बागांसाठी राखून ठेवा. हे मी आग्रहाने सांगतो. बाकावर जी वाइन आवडली तिची जमीन दुसऱ्या दिवशी पायाखाली असणं हा फाल्त्सचा मोठा लाभ आहे, कारण सगळं इतकं जवळ आहे. गावाच्या उत्तरेला उंगश्टाइन आहे. तिथल्या वाइलबर्ग उतारावर १९८१ मध्ये शेतजमिनीची फेररचना चालू असताना रोमन शेतघराचे अवशेष सापडले, द्राक्षं तुडवून रस काढायच्या हौदांसकट. ते बांधून काढलंय, आणि भोवती आजच्या बागा आहेत. त्या हौदांच्या कडेला उभं राहिलं की कळतं, जागा निवडताना रोमन शेतकऱ्याने आणि आजच्या शेतकऱ्याने एकच उतार, एकच ऊन पाहिलंय.

दक्षिणेला वाखेनहाइम, फोर्स्ट आणि डायडेसहाइम ही खेडी एकामागून एक लागतात, बागांमधल्या वाटेने चालत जाता येतं. फोर्स्टमध्ये वेळ द्या. इथल्या पेखश्टाइन बागेत काळ्या बेसॉल्टचे दगड आहेत, जवळच्या जुन्या ज्वालामुखीचे. पलीकडची किर्खेनश्टुक ही चिमुकली बाग १८२८ च्या बव्हेरियन करआकारणीत सर्वांत वरच्या दर्जाची ठरली होती. फाल्त्स तेव्हा बव्हेरियाकडे होता. या गावात एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या, पण दोन वेगवेगळ्या बागांतल्या रिस्लिंग शेजारी शेजारी ठेवून चाखा. आम्ही पेखश्टाइन आणि गावाच्या नावाने विकली जाणारी साधी रिस्लिंग अशी जोडी मागितली. साधी वाइन हिरव्या सफरचंदासारखी, मोकळी, लगेच आवडणारी. पेखश्टाइन आधी गप्प होती. पंधरा-वीस मिनिटांनी ग्लासात थोडी ऊब आल्यावर तिच्यातून धुरासारखा, ओल्या दगडासारखा वास यायला लागला आणि चव गिळल्यावरही कितीतरी वेळ रेंगाळली. तोपर्यंत ‘जमिनीची चव’ हे मला पुस्तकी वाटायचं.

वाइनरीत जाण्याआधी ईमेल करून वेळ ठरवा. रविवारी बऱ्याच ठिकाणी बंद असतं, आणि सप्टेंबर हा तोडणीचा महिना असल्याने घरातली माणसं बागेत असतात. चाखताना थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं. ते निःसंकोच वापरा, त्यात अनादर नाही. पाच-सहा वाइन पुरेत. त्यापुढे जीभ थकते आणि सगळ्या सारख्याच लागतात. आधी ड्राय, मग गोड. आधी हलक्या, मग भारदस्त. परफ्यूम लावून जाऊ नका, इतरांच्या ग्लासातला वासही त्याने मरतो. आणि चाखून झाल्यावर एखाददुसरी बाटली घेणं ही सभ्यता.

जर्मन लेबलं घाबरवतात, पण दोन-तीन शब्दांत काम भागतं. ‘ट्रोकन’ म्हणजे ड्राय, लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर. ‘हाल्बट्रोकन’ची मर्यादा साधारण १८. ‘फाइनहेर्ब’ लिहिलं असेल तर किंचित गोडसर समजा, त्याला कायद्याची ठरलेली व्याख्या नाही. ‘कॅबिनेट’, ‘श्पेटलेझे’, ‘आउसलेझे’ हे शब्द द्राक्षं तोडताना किती पिकलेली होती ते सांगतात. फक्त तेवढ्यावरून बाटली गोड की ड्राय हे ठरवू नका. जर्मन वाइन म्हणजे गोड, असं समजून इकडे येणाऱ्यांना फाल्त्समध्ये ट्रोकन शब्द जागोजागी दिसेल. रेड हवी असेल तर गडद रंगाची, फळांच्या चवीची डॉर्नफेल्डर सोपी वाटते, पण पैसे खर्च करायचे असतील तर श्पेटबुर्गुंडरवर करा. पिनो न्वार द्राक्षाचंच हे जर्मन नाव.

यायचं कसं? फ्रँकफर्ट विमानतळावरून जलदगाडीने मानहाइम, तिथून ट्राम थेट बाड ड्युर्कहाइमपर्यंत येते, किंवा नॉयश्टाटला गाडी बदलून या. कार भाड्याने घेऊ नका. इथे येऊन ड्रायव्हरने कोरडं बसायचं हा अन्याय आहे, आणि पिऊन चालवणं तर नाहीच. सायकलवरही नियम लागू आहेत. गावातल्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात, तेव्हा नॉयश्टाट किंवा मानहाइमला राहा आणि शेवटच्या गाडीची वेळ संध्याकाळीच पाहून ठेवा.

बाटल्या चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळून न्या. विमानातली पाच लिटरची मर्यादा २४ टक्क्यांहून जास्त अल्कोहोलच्या दारूला आहे, साधी वाइन तिच्यात येत नाही; पण उतराल त्या देशाची करमुक्त मर्यादा आधी पाहा. फेडरवायसर मात्र नेता येणार नाही. ही नुकती आंबू लागलेली, दुधाळ, गोड-आंबट वाइन तोडणीच्या दिवसांतच मिळते. आंबणं चालूच असल्याने बाटलीचं झाकण सैल ठेवतात, आडवी केली की सांडते. ती कांद्याच्या गरम टार्टबरोबर तिथेच प्या.