तीस सेकंदांचा आकडा

गुरुवारी दुपारी साडेतीनला छापखान्याच्या काकांचा फोन आला. "अरे, वीज आली पण मशीन काही चालू होत नाहीये. पडद्यावर आकडे उलटे मोजतंय आणि कळा दाबल्या तर ऐकतच नाही. हातातलं सोडून ये."

शनिवार पेठेतल्या या छापखान्याचे कॉम्प्युटर मी चार वर्षांपासून सांभाळतो. दिवाळी अंकांचे दिवस होते. एका अंकाचे शेवटचे दोन फॉर्म, म्हणजे बत्तीस पानं, त्याच मशीनवर, म्हणजे पानं लावायच्या कॉम्प्युटरवर होती आणि संध्याकाळी छपाईला घ्यायची होती. काकांनी लेखकांना, जाहिरातदारांना, सगळ्यांना शब्द दिलेला. सकाळी दुरुस्तीसाठी वीज गेली, यूपीएसची बॅटरी दमली आणि कित्येक आठवडे अखंड चालू असलेलं मशीन बंद पडलं.

मी पोचलो तेव्हा पानं लावणाऱ्या ताई खुर्चीत नुसत्या बसून होत्या. मशीन सुरू केलं. ग्रबचा, म्हणजे मशीन चालू होताना काय सुरू करायचं ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅमचा मेनू आला, खाली तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. खालचा बाण दाबला. सत्तावीस. एंटर, स्पेस, एस्केप सगळं दाबून पाहिलं, आकडा आपल्या गतीने शून्यावर गेला आणि काळ्या पडद्यावर कर्नेल पॅनिक: सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, सुरू होतानाच अडकला. रूट फाइल सिस्टिम, म्हणजे जिथे सगळ्या सिस्टिमच्या फाइल असतात ती, जोडता येत नाही, अननोन-ब्लॉक शून्य, शून्य.

हा पॅनिक ओळखीचा. बहुतेक वेळा नव्या कर्नेलबरोबर इनिट्रॅमएफएस, म्हणजे सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर ठेवणारी फाइल नसते, म्हणून डिस्क ओळखणारे ड्रायव्हरच मिळत नाहीत. उपाय सोपा: मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन जुना कर्नेल निवडायचा. एरवी उबुंटू, म्हणजे या मशीनवरची लिनक्स सिस्टिम, हा मेनू दाखवतही नाही. आधीचं बूट अर्धवट राहिलं असेल तर मात्र पुढच्या वेळी मेनू उघडून तीस सेकंद थांबतं, याच कामासाठी. म्हणजे दार समोर होतं, फक्त कडी हलत नव्हती.

कीबोर्ड मागच्या पोर्टला लावला, मग पुढच्या. ताईंच्या मशीनचा कीबोर्ड आणून जोडला. प्रत्येक वेळी तीस सेकंद, मग पॅनिक, मग पुन्हा बटण. काका शेजारी उभे राहून माझ्याबरोबर आकडे मोजत होते. पाचव्या खेपेला मी हात मागे घेतला.

ग्रबमध्ये कुठलीही कळ पोचली, अगदी चुकीची, तरी मोजणी थांबते. मोजणी चालूच राहते याचा अर्थ एकच: कळ पोचलेली नाही. मग ती अडते कुठे? मशीन पुन्हा चालू करताना डिलीट दाबून धरली, तर बायोसचा, म्हणजे ग्रबच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅमचा निळा पडदा लगेच उघडला आणि बाण तिथे व्यवस्थित हलले. बायोसला कीबोर्ड दिसतो. फास्ट बूटमुळे, म्हणजे मशीन लवकर सुरू करायच्या सेटिंगमुळे यूएसबी जागं न होण्याची शंका इथेच मिटली. कीबोर्ड ठीक, पोर्ट ठीक, बायोस ठीक, आणि ग्रबला ऐकू येत नाही. मग ग्रब कोणाचं ऐकतोय?

टेबलाखाली वाकलो तेव्हा मशीनच्या मागच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टला एक करडी केबल लावलेली दिसली. दुसरं टोक गुंडाळी करून कपाटामागे टाकलेलं, धुळीने माखलेलं.

"काका, ही कशाची?"

"ती होय? आतल्या खोलीत मशीन होतं ना, तेव्हाची. तिथे मॉनिटर नव्हता. तुझ्या आधी जो मुलगा यायचा तो शेजारच्या मशीनवर बसून या वायरीतून काम करायचा. गळतीमुळे खोली रिकामी केली, तेव्हा मशीन बाहेर आणलं आणि वायर तशीच राहिली."

मॉनिटर-कीबोर्ड नसलेल्या मशीनचं ग्रब सिरियल पोर्टवरून चालवायचं हा जुना, चांगला रिवाज आहे. ग्रबला दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगता येतात: मेनू कुठे दाखवायचा आणि कळा कुठून घ्यायच्या. त्या मुलाने दाखवण्यासाठी पडदा आणि सिरियल अशी दोन्ही नावं दिली असतील आणि घेण्यासाठी फक्त सिरियल, तर आज जे दिसतंय तेच दिसणार. एरवी मेनू लपलेला, त्यामुळे ही गोष्ट इतकी वर्षं कोणाच्या लक्षातही आली नसती.

मशीनची डिस्क न वापरता सिस्टिम सुरू करणारा लाइव्ह पेनड्राइव्ह पिशवीत होता. त्यावरून बूट करून फाइल उघडून बघता आली असती, आणि घाईत तेच शहाणपणाचं. पण केबल हातात होती, आणि आपलं अनुमान खरं की खोटं हे मला आधी डोळ्यांनी बघायचं होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तापकीर गल्ली चालत काही मिनिटांवर. तिथून यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर घेऊन पळत परत आलो.

लॅपटॉप जोडला, सिरियलचा वेग 9600 ठेवला आणि मशीन चालू केलं. लॅपटॉपवर चौकोन आणि प्रश्नचिन्हांचा पाऊस पडला. वेग जुळत नव्हता म्हणून वाचता येण्यासारखं एक अक्षर नव्हतं, पण पलीकडून कोणीतरी बोलत होतं! वेग 115200 केला, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि छापखान्याच्या पडद्यावरचा मेनू माझ्या लॅपटॉपवर जशाच्या तसा उमटला. तीस, एकोणतीस. मी लॅपटॉपवर खालचा बाण दाबला.

ताईच आधी ओरडल्या. "थांबला! आकडा थांबला!" त्यांच्या पडद्यावर पांढरी पट्टी एक ओळ खाली सरकली होती आणि मोजणीची ओळच गेली होती.

मग लॅपटॉपवरून सी दाबून ग्रबच्या प्रॉम्प्टवर गेलो आणि 'टर्मिनल_इनपुट', पुढे 'अपेंड'चा पर्याय आणि 'कन्सोल' असं लिहिलं: सिरियलबरोबर समोरच्या कीबोर्डचंही ऐक. एस्केपने मेनूवर परतलो आणि ताईंना म्हटलं, "आता तुम्ही दाबा." त्यांनी बाण दाबला, पट्टी हलली. जुना कर्नेल त्यांनीच निवडला. मिनिटभरात मशीन उभं राहिलं आणि बत्तीस पानं जागच्या जागी सापडली. काकांनी आधी फॉर्म खाली पाठवले, मग माझ्यासाठी चहा सांगितला.

पुढचं काम रोजचं होतं. बूटचं पार्टिशन, म्हणजे कर्नेल ठेवायचा डिस्कचा भाग, वेगळं, लहान, जुन्या कर्नेलांनी शंभर टक्के भरलेलं. नवा कर्नेल आला तेव्हा इनिट्रॅमएफएसला जागाच उरली नव्हती, आणि पुढच्या कुठल्यातरी अपडेटने मेनू नव्याने लिहिताना तोच कर्नेल सगळ्यांत वर बसवला. मशीन बंद झालं नाही तोवर दुखणं झाकलेलं राहिलं. जागा भरत आलीय हे मी आधी बघायला हवं होतं, ते माझं काम होतं. तीन जुने कर्नेल काढले, इनिट्रॅमएफएस बनवलं.

ग्रबची फाइल उघडली तर अंदाज खरा निघाला: इनपुटसमोर एकटं 'सिरियल'. आतल्या खोलीतल्या मशीनसाठी त्या मुलाचं काम बिनचूक होतं, त्यात दोष काढायला जागा नाही. शेजारी 'कन्सोल' लिहिलं, मेनू दहा सेकंद दिसेल असं केलं, आणि वर शेरा टाकला: काय बदललं, का बदललं, तारीख. करडी केबल पुसून तिला चिठ्ठी बांधली आणि तिथेच ठेवली.

मग मशीन मुद्दाम बंद करून चालू केलं. दहा, नऊ, आठ. काकांनी स्वतः बाण दाबला आणि मोजणी थांबली. "पुन्हा एकदा कर," ते म्हणाले. खालून यंत्राची धडधड सुरू झाली होती.