मारबतीच्या पाया पडणारे शहर

ज्या मूर्तीला दिवस मावळेपर्यंत जाळून टाकायचे आहे, तिच्याच पायांवर सकाळी तान्ही बाळे घालणारे शहर मी नागपूरखेरीज दुसरे पाहिलेले नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरातून मारबत, म्हणजे घरादारातली पीडा घेऊन जाणाऱ्या बाईची मूर्ती, आणि बडगे, म्हणजे लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे पुरुषी पुतळे, यांची मिरवणूक निघते. विदर्भाबाहेरच्या मराठी माणसाला तिची ओळख वर्तमानपत्रातल्या एखाद्या छायाचित्रापलीकडे क्वचितच असते, आणि त्या छायाचित्रातही बहुतेकदा बडग्याच असतो. मला मारबत पाहायची होती, म्हणून मी पुण्याहून गेले. रामटेक, अंबाझरी, मैत्रिणीकडचे जेवण हे सगळे छानच झाले. त्यावर इथे लिहीत नाही.

काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळ्या मारबतीची १८८५ पासूनची मानली जाते. काळी इतवारीतली, पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची. इंग्रजांनी १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले, त्या काळात भोसले घराण्यातील बांकाबाईंनी इंग्रजांशी जुळवून घेतले आणि त्याचा राग म्हणून काळी मारबत काढली जाऊ लागली, असे इथे सांगतात. त्याच तोंडाने ती कृष्णाला विषारी दूध पाजायला आलेली पूतना आहे असेही सांगतात, आणि या दोन कथांत कोणालाही विसंगती वाटत नाही. मला तर ही जोडणीच महत्त्वाची वाटली. शहरातल्या या मिरवणुकीत राजकारण अलीकडे शिरले, अशी तक्रार करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यायला हवे की इथल्या लोकांच्या सांगण्यातच पुराण आणि राजकारण पहिल्यापासून एका बांबूच्या सांगाड्यावर बांधलेले आहेत.

गावाकडची मारबत मात्र याहून साधी आहे. पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या ठेवतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे ते मेढे उचलून गावाच्या शिवेवर नेतात आणि जाळतात. जाताना ओरडायचे, ‘खासी, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ पावसाळा निम्म्याहून अधिक सरलेला असतो, घरोघरी ताप, डास, माश्या असतात, आणि घरातले दुखणे घरच्याच माणसाने उचलून शिवेबाहेर टाकायचे असते.

मी सीताबर्डीहून मेट्रोने चितार ओळीच्या स्थानकावर उतरले आणि तिथून गर्दीबरोबर चालत राहिले. दमट हवा, अरुंद रस्ते, आणि प्रत्येक वळणावर छातीत धडधड उठवणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती. या आवाजाबद्दल मला मनापासून राग आहे. मारबतीला घातलेली हाक हा या सणाचा प्राण आहे आणि नेमकी तीच ऐकू येत नाही. माझ्या शेजारची मुले घसा फोडून ओरडत होती, तरी त्यांचे शब्द मला ओठांच्या हालचालींवरूनच ओळखावे लागले. मिरवणुकीच्या मधल्या भागात बायका जवळजवळ नव्हत्याच. त्या गच्च्यांवर आणि सज्जांत उभ्या होत्या. इतक्या रेटारेटीत खाली उतरण्याची हिंमत कोण करणार?

पिवळ्या मारबतीपाशी मात्र सगळे पालटले. तिथे बायकाच बायका होत्या. बांबूच्या कामट्या, कागद आणि कापड यांची ती भलीमोठी मूर्ती, हळदीच्या रंगाची, डोळे वटारलेली. वाहिलेल्या कुंकवाने तिचे पाय घोट्यापर्यंत लाल झाले होते आणि ओल्या हवेने ते कुंकू बोटांमधल्या खाचांत घट्ट बसले होते. एक तरुण आई पुढे आली. बाळ दोन-तीन महिन्यांचे असावे. गालावर काळी तीट, अंगात पांढरे झबले. मूर्तीजवळ उभ्या असलेल्या माणसाने हात पुढे केले, ‘द्या ताई इकडे’ म्हणाला, बाळ अलगद घेतले, त्याचे कपाळ मारबतीच्या पायाला टेकवले आणि परत दिले. बाळाच्या कपाळावर लाल ठसा उमटला. आईने तो पुसला नाही. पाठोपाठ दुसरी आई, मग तिसरी.

मी शेजारच्या आजींना विचारले, की जिला जाळायचे तिच्या पाया का पडायचे. त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिले आणि म्हणाल्या, ‘आपलं सारं घेऊन चालली ना ते. मंग पाया नाही पडा लागत का?’

त्या क्षणी माझे डोळे भरून आले. आपल्या घरातली पीडा जी उचलून नेते तिला आपण जाळणार आहोत, म्हणून आधी तिचे ऋण मान्य करायचे. धर्माविषयीच्या कितीतरी व्याख्यानांत मला न सापडलेली गोष्ट त्या आजींनी गर्दीत उभ्या उभ्या सांगितली.

आणि मग बडगे आले. बडग्या हा पुरुषी पुतळा. दरवर्षी तो नवा असतो आणि त्या वर्षी लोकांना जे छळते त्याचे रूप घेतो. महागाई, लाच खाणारा अधिकारी, खड्डे करणारा कंत्राटदार, गल्लीत अमली पदार्थ विकणारा, मोबाइलवरच्या जुगाराची जाहिरात करणारा, शेजारचा शत्रुदेश. अक्षरे ठळक, यमके चपखल, आणि रंगकाम करणाऱ्या पोरांचा हात खरोखर सुरेख. कोणत्याही संपादकाची परवानगी न घेता सामान्य वस्तीतल्या मुलांना शहरभर मत मांडता येते आणि त्यासाठी एका धार्मिक सणाने त्यांना रस्ता मोकळा करून दिलेला आहे, हे मला फार मोलाचे वाटते. निषेधाची इतकी जुनी आणि इतकी ताजी रीत आपल्याकडे दुसरी कुठे आहे, मला सांगता येणार नाही.

तरीही ते बडगे पाहताना मी अस्वस्थ होत गेले. एकाही बडग्याच्या पाया कोणी पडत नव्हते. त्याला शिव्या द्यायच्या, त्याच्यासमोर नाचायचे, त्याचे चित्रीकरण करायचे आणि जाळायचे. प्रत्येक बडग्या दुसऱ्याचा होता. लाच खाणारा होता, देणारा नव्हता. अमली पदार्थ विकणारा होता, ते घेणारा घरातला मुलगा नव्हता. मेढे उचलणारा शेतकरी आपल्याच दारातला खोकला घेऊन शिवेपर्यंत चालत जातो. शहरातला बडग्या मात्र कायम समोरच्या दारातून उचललेला असतो. आजच्या सार्वजनिक बोलण्याला लागलेली सवय, म्हणजे दोष नेमका ओळखायचा आणि तो पलीकडच्याच्या नावावर मांडायचा, ती या सणातही उतरली आहे. सणाने शहराला बोलायला शिकवले, आणि शहराने सणाला आपली बोलण्याची ढब दिली.

दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीवर गेले तेव्हा हा विचार डोक्यात होताच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत जुन्या देवदेवतांचा आणि कर्मकांडाचा स्पष्ट नकार आहे, आणि मारबतीसारख्या प्रथेला त्या विचारात जागा नाही, हे मला ठाऊक आहे. पण दगडात कोरलेल्या त्या प्रतिज्ञा सावकाश वाचताना जाणवले, की माणूस तिथे स्वतःविषयी बोलतो. मी चोरी करणार नाही, मी खोटे बोलणार नाही, मी दारू पिणार नाही. अन्यायाने पिढ्यान्पिढ्या भरडलेल्या समाजाला दुसऱ्यांवर आरोप ठेवण्याचा पुरेपूर अधिकार होता. तरी धर्मांतराच्या दिवशी त्याने स्वतःच्या वागण्याचा शब्द दिला. एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरावर, हे दोन्ही आहे.

बडगे बनवणाऱ्या मंडळांतल्या मुलांना माझी एक विनंती आहे. महागाईचा बडग्या काढा, कंत्राटदाराचाही काढा, त्यांची अक्षरे याहून मोठी करा. पण दरवर्षी एक बडग्या आपल्या गल्लीचा असू द्या: रात्री नाल्यात कचऱ्याची पिशवी टाकणारा, मिरवणुकीत मुलींना धक्के देणारा, हुंड्याची बोलणी करून आलेला. त्याला जाळण्याआधी त्याच्या पाया पडायचे की नाही, ते जागनाथ बुधवारीतल्या त्या आजींना विचारून ठरवा. आणि ध्वनिक्षेपक बंद ठेवा, म्हणजे हाक ऐकू येईल.