आमची वाटचाल: सिरिंज, पावडर आणि चिप

गोव्यातल्या फोंड्यात कदंब बसस्टँडजवळ 2006 साली प्रिंटरच्या कार्ट्रिज रिफिल करायच्या, म्हणजे पुन्हा भरायच्या, दुकानाचं शटर उघडलं तेव्हा आम्ही दोघे भागीदार होतो. भांडवल म्हणजे एक ब्लोअर, चार पेचकस, सिरिंजा आणि टोनर पावडरचे डबे. लेझर प्रिंटरची 12ए कार्ट्रिज, म्हणजे पावडरीची डबी, हातात आली की मला बरं वाटायचं. बाजूची पिन काढायची, दोन भाग सुटे करायचे, ड्रम काळ्या कापडात गुंडाळायचा, वाया गेलेली पावडर झाडायची, ड्रम पुसणाऱ्या वायपर ब्लेडची कड तपासायची. घाईत ब्लेड उलटी पुसणारे कारागीर मी पाहिलेत. मग पानावर उभी रेघ येते आणि बोल लागतो पावडरीला.

मधली वर्षं बरी गेली.

मग चवथीच्या आधीचा तो आठवडा. सकाळी शटर वर करतो तर पायरीवर चौघे, हातात कार्ट्रिजच्या पिशव्या. दुपारपर्यंत अकरा झाले. सगळ्यांची तक्रार एकच: काल प्रिंटर छापत होता, आज 'कार्ट्रिज ओळखता येत नाही' म्हणतो. कंपनीने इंटरनेटवरून फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतला प्रोग्राम, बदललं होतं. शाई तीच, नोझल तेच, फक्त कार्ट्रिजवरच्या चिपला प्रिंटरने ओळख नाकारली. माझा साठ हजारांचा कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला पण त्या प्रिंटरला चालणारा, माल एका रात्रीत भंगार झाला. अकराही जणांचे पैसे मी परत केले. भागीदाराने महिनाभरात समोरच्या शोरूमची नोकरी धरली आणि 'रिफिलने हेड (शाई फवारणारा भाग) जळतं' असं तिथे गिऱ्हाइकांना सांगू लागला. सिरिंज धरायला त्याला मीच शिकवलं होतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात म्हटलं, की कार्ट्रिज एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. ती बातमी मी छापून काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. फोंड्यात तिचा उपयोग शून्य, पण समोरून कोणी आलं तर वाचू दे.

त्या दिवसांत दुकान तगलं ते मामलेदार कचेरीजवळ टायपिंग-झेरॉक्स चालवणाऱ्या वहिनींमुळे. त्यांनी दुसरीकडे कधी एक पानही नेलं नाही. पुढे त्यांचा इंक टँक प्रिंटर दिवे लुकलुकवत बंद पडला. शोरूमने सांगितलं, बोर्ड गेला, नवा घ्या. मी मागचं झाकण काढलं. बोर्ड ठणठणीत. हेड साफ होताना शाई खालच्या स्पंजमध्ये जाते. स्पंज किती भिजला हे यंत्र बघत नाही, नुसतं मोजतं, आणि आकडा भरला की काम थांबवतं. स्पंज बदलला, तो आकडा शून्यावर आणला, वाया शाईची नळी बाहेर काढून कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत सोडली.

सांगायचं म्हणजे, हेड क्लीनिंग उठसूट मारू नका. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका, त्याच्याच बटणाने करा, म्हणजे हेड टोपीखाली जाऊन बसतं. दुकान बंद असलं तरी दोन दिवसांआड एक रंगीत पान काढा. कोणी ऐकत नाही, आणि मग सुकलेलं हेड घेऊन माझ्याकडेच येतात.

परवा वहिनी ती बाटली घेऊन आल्या. शाईने काठोकाठ भरलेली. काउंटरवर ठेवत म्हणाल्या, "अरे, ही पण मी पैसे मोजूनच घेतली होती ना?"