खात्यातले पैसे नक्की कुणाचे? फॅब्रिकेशन शॉपच्या हिशेबाचा माझा अनुभव

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, गेट, ग्रिल, जिन्याचे रेलिंग, पत्र्याचे शेड, शेतातल्या गोठ्याची कामं, असं सगळं करतो. बरेच जण विचारतात की तुमच्याकडं पगार वेळेवर कसे होतात, स्टीलवाल्याचं देणं कसं अंगावर राहत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. यात मोठं शास्त्र काही नाही, पण रोज करायला लागतं आणि पहिलं वर्ष जड जातं हे आधीच सांगतो.

आमच्या धंद्याचा स्वभाव असा की काम हातात आलं की पैसा आधी येतो आणि खर्च मागनं येतो. गेटचा ॲडव्हान्स 15 हजार आला, शेडचा 60 हजार आला, खात्यात बॅलन्स दिसतो 80-90 हजार, आणि माणसाला वाटतं चाललंय की झकास. पण त्या 90 हजारात स्टीलवाल्याचे असतात, मिस्त्रीचे असतात, सरकारचे जीएसटीचे असतात, आणि ज्या गिऱ्हाइकाचं काम अजून उभंच राहिलं नाही त्याचेही असतात. आपले किती, ते बॅलन्स बघून कधीच कळत नाही. मग जुन्या कामाचं स्टील नव्या कामाच्या ॲडव्हान्समधनं, नव्याचं त्याच्या पुढच्या, आणि काम भरपूर असूनही पगाराच्या दिवशी कुणाला तरी फोन. उद्यमनगरात हे घरोघरी आहे.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, कित्येक दिवस गाडी येईना की जाईना. नवं काम बंद, नवा ॲडव्हान्स बंद, आणि ही पूर्ण साखळी जागेवर थांबली. तेव्हा मी आणि मिसेसनं बसून ठरवलं की पैसा आला त्याच दिवशी त्याचा मालक ठरवायचा, आपला असो नाहीतर दुसऱ्याचा.

पहिलं काम केलं ते जीएसटीचं वेगळं खातं. त्याच बँकेत साधं सेव्हिंग खातं काढलं, त्याचं एटीएम कार्ड घेतलंच नाही. आमच्या मालावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 23 हजाराच्या कामावर 4 हजाराच्या वर टॅक्स, तो पैसा जमा झाला की त्याच संध्याकाळी मोबाईलवरनं त्या खात्यात. आमचं रिटर्न तीन महिन्यांनी असतं, पण पहिल्या दोन महिन्यांचं चलन पुढच्या महिन्याच्या 25 तारखेच्या आत भरायचं असतं. उशीर झाला तर रिटर्नला दिवसाला 50 रुपये लेट फी आणि टॅक्सवर वर्षाला 18 टक्के व्याज. खरेदीवर आपण भरलेला जीएसटी त्यातनं वजा होतो हे खरं, पण स्टीलवाल्यानं त्याचं बिल जीएसटी पोर्टलवर चढवलं आणि ते आपल्या नावावर दिसलं तरच. एका व्यापाऱ्यानं बिल दिलं पण चढवलंच नाही, क्रेडिट, म्हणजे ती वजावट, अडकून पडलं, तेव्हापासनं नव्या व्यापाऱ्याला मी मालाचे पैसे लगेच देतो आणि टॅक्सचा भाग पोर्टलवर दिसल्यावर देतो. आधीच सांगून करतो, कुणी वाईट मानून घेत नाही.

'बिल नको, तेवढं 18 टक्के वाचवा' म्हणणारी गिऱ्हाइकं रोज येतात. मी सगळ्यांना बिल देतो. कायदा आहेच, पण धंद्याच्या बाजूनंही सांगतो, बँकेत कॅश क्रेडिट लिमिट, म्हणजे लागेल तसं उचलायच्या कर्जाची मर्यादा, मागायला गेलो तेव्हा आमच्यासारख्या छोट्या उद्योगाला पुढच्या वर्षाच्या अंदाजी टर्नओव्हरच्या 20 टक्क्यांच्या हिशेबानं लिमिट धरतात, आणि तो अंदाज बँक जीएसटीच्या आणि इन्कम टॅक्सच्या रिटर्नवरनंच मान्य करते. कागदावर नसलेलं काम बँकेच्या दृष्टीनं केलेलंच नसतं.

दुसरं, माझा पगार. याच्यावर घरात बरीच चर्चा झाली. मिसेस म्हणाली, "अहो, मिस्त्रीला पगार, हेल्परला पगार, मग तुम्हालाच का नाही?" मी म्हटलं अगं धंदा आपलाच आहे, लागेल तसे घेतो की. तर ती म्हणाली, "लागेल तसे घेता म्हणूनच मला महिन्याचा किराणा कधी भरायचा ते कळत नाही." तिचं बरोबर होतं. मग 1 तारखेला 28 हजार शॉपच्या खात्यातनं घरच्या खात्यात, आणि नंतर महिनाभर शॉपच्या पैशाला घरातल्या कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. पेट्रोल गाडीत घरचं पडलं तर घरचं, साइटवर गेलो तर शॉपचं, वहीत लिहायचं. सुरुवातीला 28 हजार काढताना छातीत धडधडायचं, कारण एखाद्या महिन्यात तेवढे निघतच नव्हते, आणि ते निघत नाहीत हेच तर कळायला पाहिजे होतं!

ते का निघत नाहीत हे शोधायला एका गेटचा हिशेब कागदावर मांडला. हा भाग नीट वाचा, कारण माझ्या मते फॅब्रिकेशनवाल्याचा नफा जातो तो इथं. 180 किलोचं गेट, बाजाररेट 110 रुपये किलो, म्हणजे गिऱ्हाइकाकडनं 19,800 अधिक जीएसटी. आता खर्च. 180 किलोचं गेट करायला स्टील 190 किलो लागतं, 65 रुपयानं झाले 12,350. मिस्त्री 900 आणि हेल्पर 600, तीन दिवस, 4,500. वेल्डिंग रॉड, कटिंग व्हील, ग्राइंडिंग व्हील 700. रेड ऑक्साइड आणि कलर 900. छोटा हत्ती करून माल पोचवायचे 800. लाइटबिलाचा वाटा 300. बेरीज 19,550. राहिले अडीचशे रुपये, आणि त्यात शॉपचं भाडं धरलेलं नाही, माझा पगार धरलेला नाही, मशीनची झीज धरलेली नाही. म्हणजे जेवढी गेटं जास्त तेवढी दमछाक जास्त. सगळे 110 नं करतात म्हणून आपणही 110 नं करायचं, हा रेट कुणी काढला, कधी काढला, कुणालाच माहीत नाही.

रेट 128 केला. तेच गेट 23,040 ला, म्हणजे साडेतीन हजाराच्या आसपास सुटतात. काही गिऱ्हाइकं गेली, दोन बिल्डरची कामं तर पूर्ण बंद झाली, आणि एक सीझन खरंच ओढाताणीचा गेला. पण जी राहिली ती कामाची फिनिशिंग बघून राहिली, वेल्ड घासून पुटी भरून देतो ते बघून राहिली, आणि त्यांनी पुढं ओळखीची माणसं पाठवली. मी आज कुणालाही सांगेन की कोटेशन देण्याआधी आपला पगार आणि भाडं त्या कामाच्या दिवसांवर वाटून धरा, मग तोंडातनं आकडा काढा.

रेटशिवाय दुसरी जागा म्हणजे तुकडे. 40 बाय 40 चा 2 एमएम चौकोनी पाइप 6 मीटर लांब येतो, वजन साधारण सव्वाचौदा किलो. साडेपाच फुटाचे पीस काढले तर एका पाइपात तीन बसतात आणि तीन फुटाच्या वर तुकडा उरतो. तो तुकडा भंगारात विकत घेतलेल्या भावाच्या निम्म्यानंही जात नाही. आता मिस्त्री कटरला हात लावायच्या आधी फरशीवर खडूनं कटिंग मांडतो, मोठे पीस आधी, लहान पीस उरलेल्यातनं, आणि दोन फुटाच्या वरचा तुकडा भंगारात न जाता रॅकवर जातो, बिजागरीच्या पट्ट्या, आडवे सपोर्ट, झाडाच्या जाळ्या यात तो खपतो. भंगाराचे जे काही येतात ते पूर्वी चहा-वड्यात विरायचे, आता त्यातला अर्धा भाग मिस्त्री आणि हेल्परचा, दिवाळीला बोनसबरोबर. त्यांचाही हिस्सा आहे म्हटल्यावर कटिंग आपोआप नीट व्हायला लागली.

उधारीबद्दल. घरगुती कामाला माझी पद्धत ठरलेली आहे, 50 टक्के ऑर्डरला, 40 टक्के माल शॉपमधनं हलायच्या आधी, 10 टक्के फिटिंग झाल्यावर. गिऱ्हाइकाला शॉपमध्ये बोलवून प्रायमर मारलेलं गेट दाखवतो, तिथंच 40 टक्के मिळतात. आणि ॲडव्हान्स आला की त्याच दिवशी त्या कामाचं स्टील उचलतो, कारण स्टीलचा भाव आठवड्यात किलोमागं चार-पाच रुपये हलतो आणि आपलं कोटेशन हलत नाही.

कंपन्या आणि कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडं ॲडव्हान्स मिळत नाही, तिथं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, कामाला आलं. फुकट होतं, आधार आणि पॅनवर, ऑनलाइन, त्यामुळं कुणा एजंटला पैसे देऊ नका. तो नंबर मी बिलावर ठळक छापतो. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, कायदा 2006 चा आहे, त्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. हे कित्येक वर्षं कागदावरच होतं, पण 2023-24 या आर्थिक वर्षापासनं 43बी(एच) चा नियम आला, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर समोरच्याला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, आणि तेव्हापासनं मार्चमध्ये त्यांच्या अकाउंट डिपार्टमेंटचे आपल्याला फोन यायला लागले, तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा म्हणून. एका कॉन्ट्रॅक्टरकडं पैसे अडकले होते तेव्हा नोटीस वगैरे न देता फक्त बिलाची तारीख, मुदतीची तारीख आणि हा नियम असं तीन ओळींचं पत्र दिलं, पैसे आले. आले नसते तर सरकारच्या एमएसएमई समाधान पोर्टलवर तक्रार टाकायची तयारी होती. कॉन्ट्रॅक्टर बिलातनं 1 टक्का टीडीएस, म्हणजे आपल्या नावावर भरायचा इन्कम टॅक्स, कापतात तेही 26एएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या साइटवरच्या आपल्या टॅक्सच्या उताऱ्यात, बघून घ्यायचं, कापलेलं दिसत नसेल तर लगेच फोन करायचा, वर्ष संपायची वाट बघायची नाही.

पिग्मीचंही सांगतो, कारण आमच्याकडं प्रत्येक दुकानात एजंट येतो. रोज 300 रुपयांची पिग्मी, म्हणजे पतसंस्थेतली रोजची छोटी बचत, मी भरतो, ती पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर आमच्याकडं बाहेरची फिटिंग बंद, कलर वाळत नाही, साइटवर लाइट नसते, पण मिस्त्रीच्या घरची चूल काही बंद नसते. चांगला मिस्त्री एकदा पुण्याला गेला की परत येत नाही, म्हणून पावसाळ्यातला त्याचा पगार हा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा खर्च आहे. जुलै 2021 ला परत पूर आला तेव्हा शॉप बंद असूनही दोघांचे पगार झाले, त्या दिवशी मिस्त्री काही बोलला नाही पण दुसऱ्या दिवशी गाळ काढायला सगळ्यात आधी तोच हजर. मात्र मोठी रक्कम मी पतसंस्थेत ठेवत नाही, बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेलाही असतो, पतसंस्थेला तो लागू नाही. म्हणून जीएसटीचे आणि नफ्याचे पैसे बँकेत, पिग्मी छोटी.

नफ्याचं खातं सगळ्यात शेवटी उघडलं. प्रत्येक काम पूर्ण झालं की जीएसटी सोडून बिलाच्या 5 टक्के तिकडं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वर्षात एकदा 15 मार्चला ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे चालू वर्षाचा इन्कम टॅक्स आगाऊ, भरायचा असतो, आम्ही अंदाजे नफ्याच्या स्कीममध्ये आहोत, चेक आणि ऑनलाइन जमेवर 6 टक्के आणि रोखीवर 8 टक्के नफा धरतात, तो टॅक्स यातनंच जातो, आणि राहिलेलं शॉपच्या मशिनरीला.

हे सगळं बघायचा वार सोमवार. त्या दिवशी शॉप बंद, सकाळी चहा झाला की मिसेस वही आणि मी मोबाईल घेऊन बसतो, आठवड्यात काय आलं, कुणाचं, कुणाकडं राहिलंय, कुठल्या कामाला किती दिवस ठरलेले आणि किती लागले. ती ॲप वापरत नाही, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, आणि प्रत्येक कामाला वेगळं पान. तासाभरात संपतं.

सध्या पाइप बेंडिंग मशीन घ्यायचं माझ्या डोक्यात आहे. एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, रेलिंगची कामं वाढलीत आणि बेंडिंग बाहेरनं करून आणायला लागतं. मागच्या सोमवारी तिनं वर्षभराची बेंडिंगची बिलं काढून बेरीज मांडली, ती मशीनच्या वर्षाच्या हप्त्याच्या निम्मीही भरत नाही. त्यामुळं या सीझनला बेंडिंग बाहेरच. गणपती झाले की परत आकडे बघणार आहोत.