एक पाय बाहेर

पांघरुणातून एक पाय बाहेर काढल्याशिवाय मला झोप लागत नाही. कडाक्याची थंडी असली तरी. घरात याची यथेच्छ चेष्टा होते. थंडी वाजते तर पाय आत घे, उकडतंय तर पांघरूण काढ, हे मधलंच काय?

मध्ये तापातून उठले आणि थर्मामीटर उशाशीच राहिला. चाळा म्हणून रोज मोजू लागले. ताप तर गेला होता, पण संध्याकाळी ३७ दाखवणारा आकडा रात्री आडवं व्हायच्या वेळी हटकून खाली सरकलेला. आधी धसकले. मग कळलं की हे सगळ्यांचंच होतं. झोपेची वेळ झाली की शरीर आतली ऊब हातापायांच्या कातडीकडे धाडतं, तिथून ती निघून जाते आणि पहाटेपर्यंत आपण आतून साधारण एका अंशाने निवतो. थोडक्यात, माझा पाय शास्त्राला धरून होता.

आपली धाव एका अंशापर्यंत. जमिनीत बिळं करून राहणाऱ्या खारींची धाव ऐकून मात्र मी उठूनच बसले. शीतनिद्रेबद्दल माझी समजूत अशी होती, की थंडी पडली की प्राणी बिळात शिरतो, अंगाचं मुटकुळं करतो आणि दिवा मालवावा तसा मालवतो. फेलिक्स स्ट्रमवासर या शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या अशा खारींच्या मेंदूचं तापमान नोंदवून १९५९ मध्ये जे मांडलं, ते वेगळंच आहे. पहिल्या खेपेला तापमान थोडंसंच उतरतं आणि खार पुन्हा उबेवर येते. पुढच्या रात्री जरा आणखी खाली, पुन्हा वर. मग आणखी खाली. नदीत उतरताना आधी घोटा, मग पोटरी, मग गुडघा, आणि मध्येच शहारा आला की परत काठावर, तसं. निर्णय थंड डोक्याने घ्यावा म्हणतात, तो इतका शब्दशः घेणारं दुसरं कोणी माझ्या पाहण्यात नाही.

गंमत म्हणजे यात थंडीने खारीला गाठलेलं नसतं. अंग अमुक अंशाखाली गेलं की शेकोटी वाढव, हा हुकूम मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा. तोच आपला हुकूम टप्प्याटप्प्याने खाली आणतो. आधी आतली शेकोटी मंदावते, अंग त्यानंतर निवतं. त्यातूनही ठरल्यापेक्षा जास्त गारवा झाला तर शेकोटी पुन्हा जराशी फुलते. पहारा उठलेला नसतो.

एवढा खटाटोप का, तर आकार. वाटीतलं गरम पाणी पातेल्यातल्या पाण्याआधी निवतं. इवल्याशा देहाला हिवाळाभर ३७ अंश राखायचे तर खायला लागेल फार, आणि बाहेर तर काही उगवत नाही. म्हणून मिनिटाला शेकड्यांनी पडणारे हृदयाचे ठोके पाचदहावर येतात. अलास्कातल्या एका खारीच्या जातीत तर शरीराचं तापमान उणे २.९ अंशांपर्यंत उतरलेलं ब्रायन बार्न्स यांनी १९८९ मध्ये नोंदवलं. शून्याच्याही खाली, तरी रक्त गोठलेलं नाही! इथे मी पाय आत घेतला, हे कबूल करते.

पण मला सगळ्यात भावलं ते पुढचंच. दर दोनतीन आठवड्यांनी ही खार तपकिरी चरबी जाळून, अंगाला कापरं भरवून पूर्ववत गरम होते. काही तासांपुरतीच, आणि हिवाळ्यासाठी साठवलेल्या ऊर्जेतली बरीचशी याच उठण्यांत संपते. इतकी उधळपट्टी करून ही बया करते काय? मेंदूचे आलेख घेतले तेव्हा दिसलं की त्या उबेतला बराच वेळ ती चक्क झोपते. इतक्या गार मेंदूला नीट झोपही घेता येत नसावी, असा एक कयास आहे. सहा-सात महिने ‘निजलेला’ प्राणी अधूनमधून उठतो, तो झोपायला!

हे वाचून होईपर्यंत दीड वाजला होता. थर्मामीटर लावला. ३६.३. पलीकडून आवाज आला, “आता काय मोजतेस? झोप की.”