आकडी आणि काठी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, तो दिवाळीच्या सुमारास काढायचा ठरलंय. डोक्यावरून पाणी नको, फोडणीचा धूर नको, वाकून जड उचलणं नको, आणि महिना-सव्वा महिन्याने चष्म्याचा नंबर निघेपर्यंत बारीक अक्षराच्या नादी लागू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. मी मान डोलावली. घरी येताना रिक्षात लक्षात आलं की १२ मेपासून आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, उन्हाळी बायबल शाळा आहे आणि लहान गटाचे धडे माझ्याकडे आहेत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यापासून अहिल्यानगरच्या आमच्या मंडळीत दरवर्षी हा वर्ग मीच घेते. सकाळी साडेसात ते दहा, रविवार सोडून दहा दिवस. कृतिगीतं, एक गोष्ट, एक वचन पाठ, थोडी कागदाची कात्रकाम-चिकटकामं आणि शेवटी खाऊ. पाळकसाहेब घरी भेटायला आले तेव्हा म्हणाले, "बाई, यंदा विश्रांती घ्या." मी त्यांना दोन दिवसांनी सांगते म्हटलं. नाही म्हणायचं माझ्या मनातच नव्हतं. यंदाचा विषय मेंढपाळ होता, म्हणजे बायबलमधलं स्तोत्र २३, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. ते मला तोंडपाठ आहे, पण धड्याची पुस्तिका नवी होती आणि ती वाचणार कोण?

लेक पुण्याहून चार दिवसांसाठी आली होती. जाताना दोन्ही मुलांना माझ्याजवळ ठेवून गेली. थोरला दहा वर्षांचा, धाकटी सात. दोघंही इंग्रजी माध्यमात. घरी मराठीच बोलतात, पण वाचायला दिलं की थोरला एकेक अक्षर लावत जातो आणि जोडाक्षर आलं की थांबतो. पुण्यात ते इंग्रजी उपासनेला जातात, त्यामुळे मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, त्याने हातात फारसं धरलेलंच नव्हतं. धाकटीने डोळ्यात थेंब घालायचं काम घेतलं. दिवसातून सहा वेळा, दोन औषधांमध्ये दहा मिनिटांचं अंतर. मोबाइलवर गजर लावून ती बाटली घेऊन उभी असायची, एकही वेळ चुकली नाही. थोरल्याला मी म्हटलं, "तू माझा डोळा हो. मला धडे वाचून दाखव."

पहिले चार दिवस मी चुकले. शिक्षिकेची सवय लवकर जात नाही. रोज दहा ओळी शुद्धलेखन, दहा जोडाक्षरं, अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या दिवशी पुस्तिका सापडेना. ती गादीखाली होती. तो रडला नाही, उलट बोलला नाही, नुसता खिडकीपाशी जाऊन बसला. मला फार वाईट वाटलं. मुलाला वाचनाची भीती मी घातली होती, तीही देवाच्या वचनाच्या निमित्ताने. रात्री प्रार्थनेत मी त्याच्यासमोर मोठ्याने क्षमा मागितली, आधी प्रभूची आणि मग त्याची.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुस्तिका बाजूला ठेवली. पांढरे कार्डशीट आणले, जाड मार्कर आणला. स्तोत्राची सहा वचनं, सहा कागद. मी तोंडी सांगायचं आणि त्याने दोन-दोन इंच मोठ्या अक्षरांत लिहायचं, म्हणजे मलाही दिसेल. लिहिताना तोच विचारायचा, "आजी, 'त्यु' कसा काढायचा?" मग मी त्याच्या तळहातावर बोटाने गिरवून दाखवायची. 'मृत्युच्छायेच्या' या एका शब्दावर सबंध सकाळ गेली. आधी मृत्यू, मग छाया, मग दोन्ही जोडले. तो शब्द नीट उमटला तेव्हा त्याने धाकटीला हाक मारून दाखवला.

अडचण अक्षरांपेक्षा शब्दांची जास्त होती, हे मला तिथे कळलं. कुरण म्हणजे काय? चौथ्या वचनात देवाला 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात' असं म्हटलंय, तर आकडी म्हणजे काय? आकडीचं सोपं होतं, परसात भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. लांब बांबू, टोकाला लोखंडी आकडा, शेवग्याच्या शेंगा काढायला. "ही देवाकडे पण आहे?" धाकटीने विचारलं. मला चटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून शनिवारी पुतण्याला सांगून आम्ही पारनेर तालुक्यात त्याच्या शेतावर गेलो. काळा चष्मा, डोक्यावर पदर, उन्हं चढायच्या आत परत, या अटीवर डॉक्टरांनीही होकार दिला.

आमच्या भागातले धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर वर येतात. पुतण्याच्या शेतात त्याच सुमाराला एक कळप उतरला होता. शेतकरी आपल्या रानात मेंढरं रात्री मुक्कामाला ठेवून घेतो, लेंडीखत मिळतं, आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे देतो. याला आमच्याकडे 'मेंढरं बसवणं' म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा एक म्हातारबाबा लांब काठीच्या आकड्याने बाभळीची फांदी खाली ओढत होते आणि खाली पिल्लं शेंगांवर तुटून पडत होती. थोरला बघतच राहिला. बाबांनी त्याला आकडी धरू दिली. दुसरी काठी कशाला, असं त्याने विचारलं, तर ते म्हणाले, "ही खायाला घालायची, अन् ही लांडग्याला."

परतताना जीपमध्ये तो एकदम म्हणाला, "आजी, त्यात पण 'बसवतो' लिहिलंय. हिरव्या कुरणात." मी ते स्तोत्र साठ वर्षं म्हणतेय. 'बसवतो' या शब्दावर मी कधी थांबले नव्हते. ज्यांनी आमचं शास्त्र मराठीत आणलं त्यांच्या कानावर धनगरांची बोली होती की नाही, ते मी ठरवू शकत नाही, पण त्या मुलाला तो शब्द शेतात उभा दिसला, आणि त्यानंतर मला त्याला वाचायला बस म्हणावं लागलं नाही.

मधल्या काळात घर चालूच होतं. मी कुरडयांचे गहू भिजत घातले होते. तीन दिवस पाणी बदललं, शेजारच्या काकूंनी दळून चीक काढला, रात्रभर निवळू दिला, आणि सकाळी त्यांच्याच गच्चीवर शिजवला. मला त्यांनी धुरापासून लांब, जिन्याच्या सावलीत बसवलं. थोरल्याने सोऱ्या फिरवला, धाकटीने वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून संपवला. पण यंदाच्या, २०२५ च्या मे महिन्याने वाळवणाला दिवसच दिले नाहीत. दुपारी आभाळ भरून यायचं. धोतरासकट कुरडया उचलून खोलीत पंख्याखाली पसरल्या, तरी अर्ध्या आंबल्या आणि टाकाव्या लागल्या. लेकीचा डबा यंदा अर्धाच भरला याची मला अजून हळहळ आहे.

बायबल शाळेचा मांडवही दोनदा भिजला. मग ५४ मुलं आम्ही चर्चच्या मंदिरातच बाकांवर बसवली. फ्लॅनेलच्या फळ्यावर मी मेंढरं चिकटवायची आणि थोरला माझ्या शेजारी कार्डशीट धरून वचन वाचायचा, मुलं मागून म्हणायची. आकडी आम्ही घरून नेली होती. तरुण संघातल्या एका मुलाने ती धरून वर टांगलेल्या कागदी फांद्या खाली ओढून दाखवल्या. पोहे, केळी आणि सरबत हे महिला समितीने सांभाळलं. मी दहापैकी नऊ दिवस गेले. एक दिवस डोळा लाल झाला म्हणून घरी राहिले, आणि त्या दिवशी वचन त्याने एकट्याने घेतलं.

आमच्या नगरात मंडळी आणि वाचन या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्या. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ साली आलं. त्याच मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी इथेच पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. माझी आजी शेतमजूर बाईची मुलगी. तिला अक्षरओळख मिशनच्या बायकांच्या वर्गात शास्त्रावरून झाली, आणि म्हातारपणी ती ओळीखाली बोट धरून मला वाचून दाखवायची. म्हणून नातवंडांनी इंग्रजीत प्रार्थना केली तर प्रभू ऐकतोच, हे मान्य असूनही माझा जीव मराठीसाठी तुटतो.

समारोपाची उपासना २५ मेच्या रविवारी होती. (दुसऱ्याच दिवशी मान्सून मुंबईत पोचल्याची बातमी आली.) पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ थोरल्याला दिला. त्याने कार्डशीट नको म्हटलं, वेदीवरचं मोठं शास्त्रच उघडलं. पुढच्या बाकावरून मला त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता, नवा डोळा किती लख्ख दाखवतो ते मला तेव्हा जाणवलं. चौथ्या वचनाशी तो थांबला. श्वास घेतला. 'मृत्यु', क्षणभर थांबून 'च्छायेच्या', आणि पुढे सरळ निघाला. 'आकडी' म्हणताना त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. लहान गटातल्या मुलांनी 'आणि काठी' मोठ्याने म्हटलं, कोणी सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये दोघं पुण्याला गेली. माझा चष्मा आला, वाचता येतं, पण रात्री डोळा थकतो. म्हणून साडेआठला थोरल्याचा फोन येतो. बायबलमधलं मार्ककृत शुभवर्तमान घेतलंय, १६ अध्याय आहेत. काल पाचवा संपला. याइराच्या मेलेल्या मुलीला येशू उठवतो आणि तिला खायला द्या म्हणतो, तिथे तो अडखळला नाही, धाकटीच मध्ये बोलली, "मग तिला खायला काय दिलं?" ते लिहिलेलं नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, चीक दिला असेल.